दिवे वाढव रे!

मंगळावरच्या वस्तीत धुळीचं वादळ सुरू होऊन अकरा दिवस झाले होते आणि सगळे पार पिचून गेले होते. ऊन नाही, म्हणजे सौरपट्ट्यांना (उन्हापासून वीज करणाऱ्या तक्त्यांना) काम नाही. त्यात काल आणखी एक झालं. झोपायला जाताना आबा यंत्रमानव ढोलूला म्हणाले, "दिवे वाढव रे!" आणि सकाळी बघतात तर काय, वस्तीभर लखलखाट! साठवलेली निम्मी वीज फस्त!

"डोकं फिरलंय याचं," आबा खुर्चीत टेकत म्हणाले. वस्तीचे प्रमुख शास्त्रज्ञ ते, पण आज आवाजही धड निघत नव्हता. "याची स्मृती पुसून टाकतो. शिकवू पुन्हा पहिल्यापासून."

त्यांची नात कस्तुरी ढोलूच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. वस्तीतलं ते एकुलतं एक मूल, आणि ढोलू तिचा एकमेव सवंगडी. स्मृती पुसली तर ढोलूला तिचं नावसुद्धा आठवणार नव्हतं. भांडायचंही त्राण नव्हतं, तरी ती भांडली.

"आबा, त्याचं चुकलं काय? वाढव म्हणालात, वाढवले! मीपण तेच केलं असतं."

"अगं, दिवे वाढव म्हणजे बंद कर! 'विझव' म्हणणं अशुभ, म्हणून आमची आई..." आबा बोलता बोलता थांबले. "अरे देवा. तुम्हा दोघांना हे सांगितलंय कुणी?"

"वाढव म्हणजे बंद कर? काहीतरीच!"

"नारळ वाढवला म्हणजे फोडला. दुकान वाढवलं म्हणजे बंद केलं. शब्द म्हणजे नुसता आवाज गं. त्याचा अर्थ काय, हे माणसांनी आपसात ठरवलेलं असतं. शिवाय संदर्भ (कोण, कुठं, कधी, कुणाशी बोलतंय) बघावा लागतो. माझ्या मनातलं तुझ्या मनात पोचलं, तरच ते बोलणं. मी ठरलेलं सांगितलंच नाही, आणि बोंब मात्र या बिचाऱ्याच्या नावानं!"

ढोलू हळूच म्हणाला, "आबा, 'पुसून टाकतो' याचाही दुसरा काही अर्थ असतो का?"

आबांना हसू आलं आणि डोळेही भरून आले. "नाही रे राजा. अर्थ तोच. पण काय पुसायचं, ते बदलू. वादळ ओसरतंय. पट्ट्यांवर बोटभर धूळ साचलीय, ती पुसून टाक जा."

ढोलू लगबगीनं निघाला. दारापाशी मात्र थबकला आणि मागं वळला.

"फक्त धूळच ना?"

"धूळच रे बाबा, धूळच!"