चाचणी कोणी घेतली?

सोमवारी सकाळी सात वाजता चौकीदार इलारीकाकांनी कॉलेजातल्या तेरा नंबरच्या खोलीचं कुलूप उघडलं. दार ढकललं तर ते वीतभरच सरकलं. आतून काहीतरी जड टेकलेलं होतं.

काकांनी फटीतून डोकावून पाहिलं. आधी दिसला तो उजवा हात. त्याची बोटं उलटी मोडलेली होती.

तासाभरात इन्स्पेक्टर सेवेर द्रागोता तिथे पोचला. बानात प्रांतातल्या त्या पोलादाच्या गावात त्याने भट्टीत होरपळलेली माणसं पाहिली होती, दारूच्या भरात भोसकलेली पाहिली होती. पण या दाराच्या आतल्या बाजूकडे त्याला फार वेळ बघवलं नाही. गुडघ्याच्या उंचीवर रक्ताचे पंजे उमटले होते. नखांनी रंग खरवडला होता.

वेतुरिया बोग्देया, वय एकसष्ट. इंजिनियरिंग कॉलेजात त्या एकच विषय शिकवायच्या, तांत्रिक अहवाल आणि शोधनिबंध कसे लिहायचे. शनिवारी दुपारी कोणीतरी त्यांच्या डोक्यात तीन घाव घातले होते.

"लगेच गेल्या नाहीत," डॉक्टर म्हणाले. "टेबलाजवळून सरपटत दारापर्यंत आल्या. तासभर तरी जिवंत असाव्यात."

रक्ताचा माग टेबलापाशी सुरू होत होता. तिथेच हत्यार पडलं होतं. पोलादाचा दातेरी ठोकळा, विटेएवढा, एका बाजूला केस चिकटलेले. मोडलेल्या मुठीत कागदाचा एक कोपरा राहिला होता. त्यावर छापलेले दोन शब्द शाबूत होते : 'तोडण्यात आले.' शेजारी लाल शाईत बाईंचं अक्षर : 'कोणी?'

"ही किल्ली कुठे होती?" सेवेरने विचारलं.

"माझ्या चौकीत, खुंटीवर," इलारीकाका म्हणाले. "एकच किल्ली आहे, साहेब. वर्ग दोनला सुटला. तिघं विद्यार्थी माझ्यासमोरून बाहेर पडले. बाई एकट्याच मागे थांबल्या, किल्ली त्यांच्याजवळच होती. मी बॉयलर बघायला खाली गेलो. चारला वर आलो तर किल्ली खुंटीला. म्हटलं, गेल्या वाटतं घरी."

"काही ऐकू आलं नाही?"

काकांनी मान खाली घातली. "मॅच लागली होती रेडिओवर. मी आवाज मोठा केला होता."

सेवेरने किल्ली खिशात टाकली. मग म्हणाला, "किल्लीबद्दल कोणाजवळ अवाक्षर काढू नका. बायकोजवळसुद्धा नाही."

तो ठोकळा प्रयोगशाळेच्या पोम्पिलिउने लांबूनच ओळखला. "हा माझ्या ओढयंत्राचा जबडा. धातूचे नमुने दोन जबड्यांत धरायचे आणि तुटेपर्यंत ओढायचे. यंत्र ऑक्टोबरपासून दुरुस्तीला खोलून ठेवलंय, हा फळीवरच होता. शनिवारी दुपारी बाई घेऊन गेल्या. म्हणाल्या, एकाला दाखवायचाय."

"कोणाला?"

"ते मी नाही विचारलं. बाईंना उलट विचारायची छाती कोणाची?"

शनिवारच्या वर्गात तिघंच होते.

एमिल झावोय पीएच.डी. करत होता. गंजावरचा त्याचा निबंध बाईंनी चार वेळा परत केला होता आणि महिन्यापूर्वी त्याने भर वर्गात खुर्ची फेकून मारली होती. सिदोनिया गिबान क्रेनच्या कारखान्यात नकाशे काढायची. सप्टेंबरात क्रेनचा आकडा तुटून नऊ टनांचा साचा खाली आला आणि दोन कामगार चिरडले. त्यातला एक तिचा नवरा. आकड्याला साचा तोच अडकवत होता, त्यानेच जादा भार टाकला, असा ठपका मेलेल्याच्या माथी बसला होता. तिसरा होरात्सिउ लुप्शा, त्याच कारखान्याचा मुख्य इंजिनियर. शांत, नीटनेटका, कोटाला कायम इस्त्री.

"खुर्ची का फेकलीस?" सेवेरने एमिलला विचारलं.

"तिने माझ्या पानावर लिहिलं, 'हे तुम्हाला तरी समजलं का?' तुम्ही काय फेकलं असतंत?"

"आणि शनिवारी?"

"दोनला निघालो, बिअर प्यायलो, झोपलो. मी मारलं असतं ना साहेब, तर सगळ्यांसमोर मारलं असतं."

सिदोनियाचे डोळे कोरडे होते. "हो, भांडले मी त्यांच्याशी. माझ्या तक्रारीचा अहवाल त्यांनी भिरकावून दिला. म्हणाल्या, सिदोनिया, रडणं म्हणजे पुरावा नाही. काय पाहिलंस ते लिही."

"राग आला?"

"आला. पण त्या एकट्याच मला शिकवत होत्या. बाकी सगळे नुसती कीव करत होते."

लुप्शा सहज बोलला. "हुशार बाई. जरा कडक. माझा निबंध नियतकालिकाला पाठवायला त्या मदत करत होत्या. मी दोनला निघालो, साहेब. घरी जाऊन कोबीच्या पानांतल्या सर्मालेवर ताव मारला. बायको माहेरी गेलीय, नाहीतर तिनेही सांगितलं असतं."

फळ्यावर बाईंचे तीन रकाने अजून पुसलेले नव्हते : मी काय केलं, मी काय पाहिलं, मला काय वाटतं. सेवेरने तिघांना एकेक कोरा कागद दिला. "शनिवारचा अहवाल लिहा. याच तीन रकान्यांत. आणि उद्या आपापले तपासलेले निबंध घेऊन या."

एमिलने पाच ओळी खरडल्या, त्यातल्या तीन शिव्या होत्या. सिदोनियाने पान भरून लिहिलं. पाठीत भरलेल्या उसणीपर्यंत सगळं. लुप्शाच्या पहिल्या रकान्यात सुबक ओळी होत्या : 'मी बाराला आलो. मी टिपणं घेतली. दोनला वर्ग सोडण्यात आला. किल्ली चौकीत जमा करण्यात आली. मी घरी गेलो.'

दुसऱ्या दिवशी सेवेरने निबंध वाचले. एमिलच्या आणि सिदोनियाच्या पानांवर लाल शाईचा सडा पडला होता. लुप्शाचा निबंध स्वच्छ, नुकताच छापलेला होता. "तपासलेली प्रत हरवली," तो म्हणाला. विषय सप्टेंबरात तुटलेल्या आकड्याचाच होता. चौथ्या पानावर लिहिलं होतं : 'बारा नोव्हेंबर रोजी कॉलेजच्या ओढयंत्रावर आकड्याचे दहा नमुने तोडण्यात आले. पोलाद निर्दोष आढळले. अपघात अतिभारामुळे झाला.'

सेवेरने ते पान दोनदा वाचलं आणि तिघांना तेरा नंबरमध्ये बोलावलं. दारावरचे पंजे तसेच होते.

"लुप्शा, किल्ली कोणी जमा केली?"

"कसली किल्ली?"

"या खोलीची. तुम्हीच लिहिलंय, जमा करण्यात आली. कोणी केली?"

"बाईंनीच केली असेल."

"बाई आतून दार खरवडत होत्या."

सेवेरने लुप्शाचा कागद टेबलावर ठेवला.

"दोनला तुम्ही निघालात तेव्हा किल्ली बाईंच्या हातात होती," सेवेर म्हणाला. "ती खुंटीवर परत आली हे काकांना आणि मला माहीत. तिसरा माणूस एकच, ज्याने ती तिथे टांगली. आणि तुम्ही ते 'मला काय वाटतं' मध्ये नाही लिहिलंत. 'मी काय केलं' मध्ये लिहिलंत."

"भाषेची चूक आहे ही."

"बाईंनी हीच चूक पकडली होती. जिथे तुम्ही काम केलं तिथे तुम्ही 'मी' लिहिता. जिथे लपवता तिथे सगळं आपोआप होतं. नमुने तोडण्यात आले! कोणी तोडले? बारा नोव्हेंबरला यंत्र खोलून ठेवलेलं होतं. बाई पोम्पिलिउकडे गेल्या, जबडा उचलून आणला आणि तुम्हाला परत बोलावलं. काका बॉयलरपाशी होते, म्हणून तुम्ही कोणाला दिसला नाहीत. बाईंनी जबडा या टेबलावर ठेवला. बरोबर?"

लुप्शाच्या कपाळावरची शीर उडत होती. मग तो एकदम मोठ्याने बोलू लागला. "एक शब्द! एक शब्द बदला म्हणाली. 'मी तोडले' असं लिहा आणि खाली सही करा. नाहीतर मी लिहीन, चाचणी झालीच नाही. सातशे माणसांचा कारखाना आहे तो! ते पोलाद मी पास केलं होतं, कळतंय? मी!"

"म्हणून तीन घाव?"

"पान सोडत नव्हती ती!"

सिदोनियाच्या तोंडून चीत्कार निघाला. त्याच क्षणी लुप्शाने खुर्ची उचलून सेवेरवर घातली. गळ्याजवळचं हाड कडकन मोडलं. सेवेर भिंतीवर आदळला आणि दुसरा वार डोक्यावर येताना त्याला दिसला. तो वार एमिलने हातावर घेतला. मग त्याने लुप्शाला कंबरेत धरून खाली पाडलं आणि त्याचं तोंड फरशीवर आपटलं. एकदा, पुन्हा, पुन्हा. फरशीवर दोन दात सांडले.

"बस!" सेवेर कण्हत ओरडला. "जिवंत हवाय मला तो!"

एमिल थांबला. त्याला रडू फुटलं होतं. "पाचव्यांदा लिहिला होता मी," तो म्हणत होता. "शनिवारी त्या म्हणाल्या, आता जमलंय."

लुप्शाच्या कचेरीत, कपाटामागे, चौथं पान सापडलं. त्याचा एक कोपरा नव्हता.

जानेवारीत नवा जबडा बसला. न्यायालयाच्या हुकमाने तुटलेल्या आकड्याचे नमुने कापले गेले. गळ्यात हात बांधलेला सेवेर आणि सिदोनिया काचेबाहेर उभे होते. पोम्पिलिउने यंत्र सुरू केलं. काटा निम्म्यावरही पोचला नाही, तोच बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला.

दहाही नमुने तसेच गेले.

पोम्पिलिउने एक तुकडा सिदोनियाच्या तळहातावर ठेवला. ती चमकली. "थंड आहे."

"चांगलं पोलाद तुटण्याआधी लांबतं, बाई. तापतं. हाताला ऊब लागते. यात काहीच नाही. होतं आणि तुटलं."

सिदोनियाने मूठ मिटली.

"म्हणजे त्याला वर बघायलाही वेळ मिळाला नसेल," ती म्हणाली.

"नाही मिळाला," पोम्पिलिउ म्हणाला.

तिने पर्समधून वही काढली, तारीख घातली, तीन रकाने आखले आणि उभ्या उभ्याच लिहायला सुरुवात केली.