बिनविस्तवाची आच

१९४६ च्या पौषात कडेगावचा केरबा गवंडी पाचगणीला गेला, तो धाकट्या बहिणीच्या खोलीत बुखारी, म्हणजे बंद लोखंडी शेगडी, बसवायला. अंजनाची छाती धरली होती. डॉक्टरांनी कोरडी हवा सांगितली म्हणून तिच्या नवऱ्यानं, सुभेदार मानसिंगानं, एका बंगल्यातली खोली भाड्यानं घेतली होती. खोलीत साहेबी थाटाची उघडी शेकोटी होती, पण तिची निम्मी ऊब धुराड्यातूनच निघून जायची.

केरबानं पलटणीत असताना क्वेट्ट्याला अशी कामं पुष्कळ केली होती. लाकडी जमिनीवर पायांची उभी बुखारी ठेवायची नाही, हे तो जाणून होता. त्यानं शेकोटीच्या पोटात मावणारी, दाराची लोखंडी पेटी आणली. भोवती विटा रचल्या, मध्ये चार बोटं हवेला जागा सोडली. वरची सागवानी फळी काढून तिथं दगड बसवला.

"दोन दिस पेटवू नका, दाजी. चुना वाळू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेकोटीपुढच्या जमिनीच्या फळ्यांवर तपकिरी डाग होता, इस्त्री विसरल्यासारखा. केरबानं पेटीत हात घातला. लोखंड गारठलेलं होतं. आत राखेचा कण नव्हता.

"कुणी पेटवली व्हती?"

"न्हाई वो पाव्हणं," मानसिंग म्हणाला. "काडेपेटी माझ्याच खिशात हाय."

केरबानं त्या फळ्या उपटून फरशी घातली. तिसऱ्या दिवशी फरशीच्या पलीकडं, खुर्चीचा पाय करपला होता. त्यानं आणि मानसिंगानं पेटी उखडून अंगणात टाकली, शेकोटीचं तोंड विटांनी बुजवलं. चौथ्या दिवशी पेटीवर दव साचलं होतं, अन् खोलीत अंजनाच्या पलंगाचा उशाकडचा खूर कोळशासारखा काळा पडला होता.

केरबा हात लावून बघत राहिला. विस्तवापासून लांब जावं तशी आच कमी होते, एवढंच त्याला आयुष्यभर ठाऊक होतं. इथं ती वाढत चालली होती.

"दादा, थंडी वाजतीया रं," अंजना म्हणाली. तिच्यावर तीन वाकळा होत्या.

"दाजी, हिला घरला न्हेऊ. आत्ताच."

भर दुपारी त्यांनी तिला बैलगाडीत निजवलं. खाली जाड वाकळ, वर दोन. मानसिंग बैलांपुढं चालू लागला. केरबा तिच्या उजव्या अंगाला बसला. पसरणीचा घाट उतरताना उन्हानं त्याच्या पाठीला घाम फुटला.

"बरं हाय का, अंजे?"

"व्हय. आता जरा ऊब लागतीया."

त्याला हायसं वाटलं. पुढच्या दोन वळणांवर तो तिच्याशी गावाकडचं बोलत राहिला.

मग त्याच्या ध्यानात आलं, ती हुंकार देत नव्हती.

"दाजी, गाडी थांबवा."

मानसिंग धावत आला. त्यानं तिच्या नाकाशी बोटं धरली, अन् तिथंच खाली बसला.

दोघांनी तिला वाकळेसकट उचलून झाडाखाली ठेवलं. वाकळेला कुठं साधा डागही नव्हता.

केरबा गाडीशी परत आला.

गाडीच्या फळ्या करपल्या होत्या. डोकं, खांदे, पाय, निजलेल्या बाईचा पुरता आकार. लाकूड अजून ऊन होतं.

अंजनाचे दोन्ही हात छातीवर होते.

फळ्यांवरच्या आकाराचा उजवा हात मात्र लांब पसरलेला होता, केरबा बसला होता तिथपर्यंत.