हर्णैच्या वाळूवरची मुलगी

२०५२ साली जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात एक क्षणविस्तार केंद्र होतं. कपाटाच्या तळाशी, पुस्तकाच्या पानांत सापडलेले जुने कागदी फोटो घेऊन लोक तिथे जात आणि फोटो निघण्याच्या आधी नि नंतर काय घडलं ते पडद्यावर पाहून येत. काही जण हसत बाहेर पडत. काही थेट वकिलाकडे जात.

हेमांगी मयेकर रत्नागिरीच्या केंद्रात आली ती एका लहान मुलीबद्दलचा मत्सर मनात घेऊन. आठवड्यापूर्वी घरातल्या तसबिरीची काच फुटली आणि पुठ्ठ्यामागून एक फोटो खाली पडला. तिची आई शैलजा, तरुणपणीची, हर्णैच्या समुद्राकाठी वाळूत बसलेली. मांडीवर चारेक वर्षांची गुबगुबीत मुलगी. आणि आई डोळे मिटतील इतकी हसत होती. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात हेमांगीनं आईला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मांडीवरची मुलगी आपण नव्हे, हे तिला पहिल्या नजरेतच कळलं होतं.

"ही माझी मोठी बहीण असणार," ती केंद्रातल्या डॉ. नाझनीन परकारांना म्हणाली. "माझ्याआधी झालेली, लहानपणीच गेलेली. म्हणून आई माझ्याशी कायम अशी कोरडी."

"आईंना विचारलंत?"

"नाही. ती हो म्हणाली तर?"

डॉक्टरांनी फोटो यंत्रात ठेवला.

"पण हे यंत्र मनानं काहीतरी रचत नाही ना?" हेमांगीनं विचारलं.

"ओल्या वाळूत पावलं दिसली, की माणूस कुठून आला, किती घाईत होता, हे आपण सांगतो. तसंच हे. पदराची चुणी, लाटेचा फेस, मानेचा ताण, या सगळ्यात मागचे-पुढचे क्षण दडलेले असतात. यंत्र ते हिशेबानं उलगडतं. दोन-तीन मिनिटांपर्यंतच हं. त्यापुढे नुसती अटकळ. ओठांवरून शब्दही काढतं, पण शब्दांत ते कधीकधी चुकतं."

पडद्यावर हर्णैचा किनारा हलू लागला. मुलगी धावत आली नि धपकन शैलजाच्या मांडीवर बसली. शैलजा दचकली, मग हसली. तोच फोटोचा क्षण. पुढे मुलीनं तिच्या बांगड्यांशी चाळा केला. लांबून एका अनोळखी बाईनं हाक मारली, तशी मुलगी उठून त्या बाईच्या कडेवर जाऊन बसली.

"परकी मुलगी!" हेमांगी जवळजवळ ओरडलीच. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. "कुणाची तरी परकी मुलगी!"

पण पडद्यावरची शैलजा त्या पाठमोऱ्या मुलीकडेच पाहत राहिली होती. तिचा हात पोटावर गेला. ओठ हलले. यंत्रानं खाली अक्षरं उमटवली: 'मला अगदी अशीच हवी.'

"तुमच्या वेळी दिवस गेलेले असणार," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "आणि शब्दांचं मी मघाशी बोलले…"

"शब्द बरोबर आहेत," हेमांगी म्हणाली.

जन्मल्या दिवसापासून ती कुणाच्या तरी तुलनेत कमी पडत आली होती. कुणाच्या, ते आज कळलं. जिनं आईला जेमतेम दोन मिनिटं दिली, तिच्या. मेलेल्या बहिणीला एखाद वेळी माफ करता आलं असतं.

संध्याकाळी ती फोटो घेऊन आईच्या खोलीत गेली. मनात जाब तयार होता. शहाऐंशी वर्षांच्या शैलजानं फोटो डोळ्यांपाशी धरला, दूर नेला, पुन्हा जवळ आणला.

"हेमा, तूच ना गं ही?"

हेमांगी तिच्या शेजारी बसली.

"अगं, किती गोड होतीस! आणि मी बघ कशी हसतेय तुला घेऊन." आईचा आवाज ओला झाला होता. "मला वाटायचं, तुझे लाड करायचे माझ्या हातून राहूनच गेले."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"हो आई," हेमांगी म्हणाली. "मीच आहे."

आईनं तिचा हात घट्ट धरला. असा तिनं तो पूर्वी कधीच धरला नव्हता. पण नजर फोटोवरून हलली नाही. दुसऱ्या हाताचं बोट ती त्या मुलीच्या गालावरून फिरवत राहिली, आणि शेजारी बसलेली हेमांगी ते बोट पाहत राहिली.