दार क्रमांक नऊशे बारा

आमच्या प्रयोगशाळेत ना उंदीर, ना काचेच्या नळ्या. फक्त संगणक आणि त्यात आकड्यांनी मांडलेली एक पेशी. ती काय खाते, त्याचं काय करते, कशावर वाढते, हे सगळं दोन हजार रासायनिक क्रियांत लिहिलेलं. आम्ही त्यांना दारं म्हणतो. एक दार बंद करायचं, पेशीची वाढ थांबते का बघायचं, पुन्हा उघडायचं. ज्या दाराने वाढ थांबेल, ते बंद करणारं औषध शोधायचं. काम इतकं संथ, की दुपारी पांढऱ्या पडद्यांतून ऊन आलं की डोळे जड होतात.

या वेळची पेशी ताईच्या पोटातल्या गाठीची होती. तीन औषधं करून झाली होती. डॉक्टर आता माझ्याशी बोलताना फाईलकडे बघायचे.

मंगळवारी साखरेचं दार बंद केलं. पाच मिनिटांत ताईचा फोन आला.

"चिमणे, थर्मासमधल्या चहात साखर घातली होतीस ना गं?"

"दोन चमचे."

"मग माझी जीभच रुसली म्हणायची."

वाढ काही थांबली नव्हती. मी दार उघडलं.

"थांब, आता लागतोय गोड," ती म्हणाली.

मी आकड्यांवर जगणारी बाई, असल्या योगायोगांना भीक घालत नाही. तरी बुधवारी चरबी जाळण्याचं दार बंद केलं ते फोन कानाला लावूनच. तिचे हात गार पडले. उघडलं, तर ऊब आली. मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, बरं वाटलं. ताई इतकी जवळ कधीच नव्हती.

शुक्रवारी दुपारी नऊशे बारा बंद केलं. वाढ शून्य. तीनदा तपासलं, शून्यच. दार पुन्हा उघडलं.

मग आमचा नेहमीचा नियम: तेच दार निरोगी पेशीतही बंद करून बघायचं, कारण औषध आपलं-परकं ओळखत नाही. त्यासाठी दोन्ही पेशी एकाच कळीला जोडतो. उघडलं तर दोन्हीकडे उघडतं. निरोगी पेशी जवळच्या नात्यातली लागते. ही माझ्या रक्तावरून मांडलेली होती.

मी कळ दाबली, दार दोन्हीकडे बंद झालं. निरोगी पेशीचा आकडा उतरू लागला.

फोन वाजला.

"चिमणे, मला भूक लागलीय," ताई म्हणाली. "आणि पोटातला तो दगड आहे ना, तो विरघळल्यासारखा वाटतोय."

"आत्ता?"

"आत्ताच. तू रडतेस का?"

"नाही गं. खा पोटभर."

उघडायला तीच कळ पुन्हा दाबायची होती.

मी हात मांडीवर ठेवले. ते गार होते.

आकडा उतरतच होता.

समोरचा चहा उचलला, घोट घेतला. मग त्यात तिसरा चमचा साखर घातली. मग चौथा.

फोनमधून ताईचं चघळणं ऐकू येत होतं.