हर्झोगिनची खुर्ची

हॉटेलचं नाव लिहीत नाही, कारण मी अजून तिथेच नोकरी करते. बाकी यात एक शब्दही पदरचा नाही.

मागच्या वर्षीचा फेब्रुवारी. गुरुवार. आणि वेळ रात्रीची नव्हे, भर दुपारची.

जागा दोहातलं मुशैरिब. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचा छोटा डायनिंग हॉल.

मी चैत्राली, मूळची नाशिकची. नवरा मयूर इथे गॅस कंपनीत आहे. हॉटेलच्या बँक्वेट विभागात माझं काम म्हणजे पाहुण्यांच्या याद्या, कोण कुठे बसणार, कुणाला काय म्हणून हाक मारायची.

त्या दिवशी जर्मनीतल्या एका जुन्या घराण्यातल्या ड्यूकनी जेवण ठेवलं होतं. सत्तरीचा माणूस, घोड्यांचा वेडा. पाहुणे सगळे इथले घोडेवाले. ड्यूकच्या सेक्रेटरी फोगलबाई दोन दिवस आधीच येऊन मला सगळं समजावून गेल्या होत्या.

ड्यूकच्या बायकोला हर्झोगिन म्हणायचं. आपल्याकडे पाटलाची बायको पाटलीण होते, तसंच. तिकडच्या कायद्यात आता या पदव्यांना काही अर्थ उरलेला नाही, पण घराण्यात अजून पाळतात. तिची खुर्ची ड्यूकच्या उजव्या हाताला. आणि तिच्या कार्डावर नाव लिहायचं नाही... फक्त पदवी. एका वेळी हर्झोगिन एकच असते, मग नाव कशाला, असं त्यांचं म्हणणं.

मी तसं कार्ड लिहिलं. ठेवून आले.

पावणेबाराला माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

बाईचा आवाज होता. बारीक, थकलेला. इंग्रजी सावकाश, एकेक शब्द मोजून.

"मला कुठे बसवलं आहे?"

कोण बोलतंय, असं मी विचारलं.

"हर्झोगिन."

मी घाईघाईने सांगितलं, की ड्यूकच्या उजव्या हाताला, हर्झोगिन, आपली खुर्ची तयार आहे.



मग फोन बंद झाला.

मला उलट बरंच वाटलं. एवढ्या मोठ्या बाईशी नीट बोलले म्हणून.

दहा मिनिटांनी अबूबकरभाई आले. आमचे कॅप्टन, रत्नागिरीचे, वीस वर्षं दोहात काढलेला शांत माणूस. हॉलमध्ये कुणी आलं होतं का, असं त्यांनी विचारलं. त्यांनी बाहेरून खुर्ची ओढल्याचा आवाज ऐकला होता. करकर करत... लादीवर ओढावी तसा.

आमच्या हॉलमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड गालिचा आहे.

आम्ही दोघं आत गेलो. कुणी नव्हतं.

ड्यूकच्या उजव्या हाताची खुर्ची मागे ओढलेली होती. तिथला नॅपकिन उलगडलेला होता.

अबूबकरभाईंनी खुर्ची आत सरकवली, नॅपकिनची पुन्हा घडी घातली. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

साडेबाराला पाहुणे आले. ड्यूकच्या शेजारून एक उंच बाई चालत होती. पस्तिशीची. बारीक कापलेले केस, हातांवर ओरखडे. तिने स्वतःहून माझं नाव विचारलं. पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदा बरोबर म्हणाली. चैत्राली. मग स्वतःचं सांगितलं. लेना. घोड्यांची डॉक्टर. दोन वर्षांपूर्वी ड्यूकशी लग्न झालं होतं.

तिचा आवाज भरदार होता. मोकळा.

फोनवरचा आवाज तिचा नव्हता.



आत अबूबकरभाई तिच्यासाठी खुर्ची ओढत होते. खुर्ची हलेना. धिप्पाड माणूस, दोन्ही हातांनी जोर लावत होता. पाहुणे हसू लागले. लेनाही हसली, तिनेही ओढून पाहिलं.

ड्यूक मात्र हसत नव्हते. ते केव्हाच बसले होते. उजवीकडे वळून रिकाम्या खुर्चीशी हळू आवाजात जर्मन बोलत होते.

मध्येच थांबायचे... ऐकायचे... मान डोलवायचे.

फोगलबाईंनी माझा दंड धरला आणि मला दाराबाहेर आणलं. लेनाही मागोमाग आली. मी फोनबद्दल सगळं सांगितलं. फोगलबाईंनी एकच गोष्ट दोनदा विचारली, तुम्ही तिला हर्झोगिन म्हणालात का? मी हो म्हणाले.

त्या भिंतीला टेकल्या आणि सांगू लागल्या. आधीची हर्झोगिन तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेली होती. माझ्या खुर्चीवर कोण बसणार, एवढंच ती शेवटी विचारत राहिली होती. त्यानंतर त्या घरात ती खुर्ची कुणाला हलवता आली नव्हती. लेना दोन वर्षं टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसत होती आणि नोकर तिला डॉक्टर म्हणत होते.

"इतक्या लांब ती येणार नाही, असं वाटलं होतं," फोगलबाई म्हणाल्या.

लेना घाबरली नव्हती. चिडली होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही तिला जागा दिलीत. आता आत चला आणि सगळ्यांसमोर मला माझ्या नावाने बसवा. ही खुर्ची लेनाची आहे, एवढंच म्हणा."

मी आत गेले.

बारा पाहुणे माझ्याकडे बघत होते. आमचे मॅनेजर दारात उभे होते, कपाळावर आठ्या. मी तोंड उघडलं. एक नाव घ्यायचं होतं. दोन अक्षरं.

आणि माझ्या तोंडून निघालं, "हर्झोगिन, प्लीज."

सवयीने निघालं की भीतीने, मला अजून ठरवता आलेलं नाही.

खुर्ची अलगद मागे आली. आवाज न करता.

लेनाने माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता... बुडणारा माणूस काठावरच्याकडे बघतो, तशी ती नजर होती.

मग ती बसली.

ड्यूकनी तिच्या हातावर हात ठेवला आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुढे सुरू केलं. तिने उत्तर दिलं. हळू, एकेक शब्द मोजून. जेवण संपेपर्यंत दोघं तसेच बोलत होते. तिने पुन्हा मान वर केली नाही.

घरी येऊन मी मयूरला सगळं सांगितलं. तो म्हणाला की मी दमले आहे. आठवड्याने मी लेनाला माफीचा मेल पाठवला. महिन्याने दुसरा. उत्तर आलं नाही.

या फेब्रुवारीत ड्यूक आणि ती पुन्हा आले. फोगलबाई बरोबर नव्हत्या. त्यांनी नोकरी सोडली, असं कळलं.

मी लॉबीत फुलं घेऊन उभी होते. ड्यूक दहा वर्षांनी तरुण दिसत होते. त्यांच्या हातात हात घालून ती येत होती. केस वाढवून अंबाडा घातलेला. कोपरापर्यंत हातमोजे. चाल सत्तरीच्या बाईची.

त्यांचा ड्रायव्हर सांगत होता, की सकाळी तबेल्यात ती शिरली आणि सगळे घोडे मागच्या भिंतीला जाऊन चिकटले. तिनेही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मी फुलं दिली. तिने मला ओळखलं नाही. दोघं लिफ्टमध्ये शिरली.

दार मिटायला लागलं, तेवढ्यात ती पुढे झुकली. ओठ थरथरत होते.

"चैत्राली..." अगदी बरोबर उच्चार. भरदार आवाज. "माझं नाव काय आहे?"

मी उत्तर देणार, त्याआधीच त्याच ओठांतून दुसरा आवाज आला. बारीक. थकलेला.

"हर्झोगिन."

दार मिटलं.

मी म्हणाले, "लेना." अख्ख्या लॉबीने वळून पाहिलं, इतक्या मोठ्याने म्हणाले.

लिफ्ट तोवर वर गेली होती. तिला ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही.