मेलेला गवा आणि चार बॅटऱ्या

"मेलेलं वढायचं न्हाय, लेकरा. कुणी दोर पुढं केला, तर आपलं हात मागं बांधायचं."

आजा हे सांगायचा तेव्हा प्रसेनजीत सात वर्षांचा होता. उंबऱ्यावर बसून शेंगा फोडता फोडता आजा एकेक शब्द दाण्यासारखा त्याच्या ओंजळीत टाकायचा. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या साली आज्याच्या बापानं गावची मेलेली गुरं ओढणं सोडलं, आणि पुढं वर्षभर त्यांना कुणी कामाला बोलावलं नव्हतं. आजा जाऊन वीस वर्षं झाली. आवाज काही गेला नव्हता.

शुक्रवारी सकाळी बोटीत पाय ठेवताना तो आवाज पुन्हा कानाशी आला. मोहीमच तशी होती. कोडोलीच्या वर डोंगरात शिरलेला लांबलचक तलाव. त्याच्या पार टोकाला, जिथं पायवाटही नाही आणि जंगल थेट पाण्यात उतरतं, तिथं एक गवा मरून तरंगत होता. पश्चिमेचा वारा त्याला रोज थोडाथोडा तलावाच्या पाण्यातच बांधलेल्या वाडीच्या विहिरीकडं ढकलत होता. दिवस मावळायच्या आत त्याला ओढत न्यायचं होतं पलीकडच्या माळाला. तिथं जेसीबीनं खड्डा काढून ठेवला होता.

गवा काल एका गुराख्याला दिसला, एवढंच वाडीला ठाऊक होतं. प्रसेनजीत वाडीचा पाणी सोडणारा. त्यानं तो सोमवारीच पाहिला होता. पाहिला, तसाच पंपघरात आला आणि खटका पाडला. "मोटर जळाली," असं वाडीला सांगून टाकलं. चार दिवस बायका ओढ्याचं पाणी वाहत होत्या, त्याची बायको दीप्तीसुद्धा. पण खरं सांगितलं असतं तर पुढं काय झालं असतं, हे त्याला डोळे मिटूनही दिसत होतं. आपल्या खोटेपणाची त्याला किळस येत होती. आणि ज्याच्यासाठी खोटं बोलावं लागलं, त्याची त्याहून जास्त.

बोट बंद पडलेल्या एका पर्यटन केंद्राची होती, बॅटरीवर चालणारी. चार बॅटऱ्या, चार्जर आणि पेटीएवढा पेट्रोलचा जनरेटर घेऊन आले होते कोडोलीचे मौलालीचाचा. तीस वर्षं बॅटऱ्या दुरुस्त करून त्यांच्या सगळ्या सदऱ्यांना ॲसिडची भोकं पडलेली. तिसरे सयाजीराव, ग्रामपंचायतीचे सदस्य. नाकाला अत्तराचा रुमाल.

"सदस्य, अत्तर जपून वापरा," चाचा म्हणाले. "परतीला लागंल."

पाणी आधी आरशासारखं होतं. दोन्ही बाजूंनी करवंदीच्या जाळ्या वाकून त्यात आपलं रूप बघत होत्या, एक धनेश पक्षी पंखांचा घोष करत डोक्यावरून गेला. मग वळण आलं, आणि वळणाच्या अलीकडंच वास आला. गोडसर, चिकट, जिभेवर बसणारा वास. पाण्यावर तेलकट साय आली होती. सायीच्या मधोमध गवा! पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, कातडी सुटून पाण्यात हलत होती. डोळ्यांच्या जागी माश्या होत्या. आणि खालून मासे लुचत होते म्हणून तो अवाढव्य देह मधूनमधून शहारल्यासारखा थरथरत होता.

सयाजीरावांनी तोंड फिरवलं. फिरवता फिरवता हातातला दोर प्रसेनजीतपुढं धरला. बोलायची गरजच त्यांना वाटली नाही. पानाचा डबा पुढं करावा तितक्या सहज त्यांनी तो धरला.

प्रसेनजीतनं वल्ह्यावरचा हात काढला नाही.

"घे की, प्रश्या."

"मी बोट धरलीया."

वारा बोटीला गव्यावर लोटत होता. दोर तसाच अधांतरी. चाचा दोघांकडं बघत थंडपणे म्हणाले, "टाका की फास, सदस्य. इलेक्शनात तर लई हात जोडत हिंडत हुता. आज त्येच हात जरा खाली न्या."

सयाजीराव लाल झाले. पण पुढं वाकले. फास शिंगात अडकेना. शेवटी शिंग हातानं धरावं लागलं, आणि शिंगाबरोबर कपाळाची कातडी त्यांच्या तळहाताला चिकटून आली. ते बोटीच्या काठावरून भडाभडा ओकले.

ओढ सुरू झाली. बोट कण्हत होती, गवा मागून डुलत येत होता. निम्मी वाटही झाली नाही तोच मोटरीचा आवाज बारीक झाला, आणि बंद. बॅटऱ्या संपल्या होत्या. आता वाराच मालक! बोट आणि गवा, दोन्ही मिळून विहिरीच्या दिशेनं वाहू लागले.

"वल्ही मारा! खडकाकडं!"

तिघांनी जीव खाऊन वल्ही मारली. पाण्यातल्या काळ्या खडकाला बोट लावली, दोर कपारीत अडकवला. चाचांनी जनरेटर बोटीतून उचलून खडकावर सपाट जागी ठेवला आणि दोरी खेचली. इंजिन फडफडलं. चार्जर लावताच घुसमटून बंद पडलं. पुन्हा खेचलं, पुन्हा तेच, लाल दिवा.

"ह्येच्या तोंडाला मोठा घास लावलाय मी," चाचांनी चार्जरचा करंट निम्म्यावर आणला. "आता खाईल."

जनरेटर एका सुरात गुणगुणू लागला. तिघं खडकावर बसून राहिले. ऊन चढलं. वास अंगावर घोंगडीसारखा पडला होता. केसांत, भाकरीच्या फडक्यात, थुंकीत. कुणी जेवलं नाही. तासभरानं सयाजीराव उठून बोटीत गेले. बिडीनं तरी वास मरेल म्हणून त्यांनी बिडी ओठात धरली आणि काडेपेटी काढली.

प्रसेनजीतच्या नाकाला काहीतरी खटकलं. गव्याच्या वासाखाली दुसरा वास होता. कुजलेल्या अंड्याचा. गव्याचा वास असा नव्हता. त्यानं बोटीतल्या बॅटऱ्यांकडं पाहिलं. एकीचं अंग फुगलं होतं, झाकणातून बुडबुडे फुटत होते.

काडी पेटीवर टेकली होती. प्रसेनजीत झेपावला! सयाजीरावांच्या हातावर त्याचा पंजा बसला, काडेपेटी पाण्यात.

"हात उचलतोस?"

"बॅटरी उकळतीया, ग्यास सुटलाय! ठिणगी पडली आसती तर बोट उडाली आसती, तुमच्यासकट."

चाचांनी आधी जनरेटर बंद केला, मगच बोटीत वाकून वास घेतला. "बरुबर हाय. आतला एक खाना, एक कप्पा मेलाय हिचा. त्या घाणीत माज्या नाकाला कळलंच न्हाय." वायू उडून जाईपर्यंत त्यांनी कुणाला हलू दिलं नाही. मग फुगलेली बॅटरी आणि तिच्याशिवाय न चालणारी तिची जोडीदार तारांतून सोडवली. उरलेली जोडी दीड तास भरली. निम्मी ताकद, गवा मात्र तेवढाच. बोट गोगलगायीसारखी निघाली. तिघं वल्ह्यांनी तिला हात देत राहिले. एकदा शिंगातला फास निसटायला लागला तेव्हा सयाजीरावांनी कुणाकडं न बघता तो स्वतःच पुन्हा आवळला.

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा माळ आला. जेसीबीच्या सोंडेनं गवा उचलला, पोट फुटलं, आणि त्या क्षणाचं वर्णन नंतर तिघांपैकी कुणीच घरी केलं नाही. मातीचा शेवटचा ढीग पडला. पाण्यात, विहिरीपर्यंत, काही नव्हतं.

सयाजीराव काठावर बसून माती लावून हात घासत होते. तिसऱ्यांदा. हात हुंगले, तोंड वाकडं केलं, पुन्हा माती घेतली.

"एक बरं झालं बग, प्रश्या. मोटर जळाली त्ये देवानंच केलं. न्हायतर ही घाण सगळ्या वाडीच्या पोटात गेली आसती."

प्रसेनजीत दोर गोळा न करता उभा राहिला.

"देवानं न्हाय. मोटर जळल्यालीच न्हाय, सयाजीराव. सोमवारी गवा बघितला आणि मीच खटका पाडला."

सयाजीरावांचे हात मातीत थांबले. "सोमवारी? आणि चार दिस बायका वड्याला हिंडत्यात? मग सांगायला काय झालतं रं तुला?"

चाचा बॅटऱ्या उचलता उचलता थांबले.

"सांगितलं आसतं तर दोर माज्याच हातात दिला आसता तुमी," प्रसेनजीत म्हणाला. "आज पुढं केलासाच की."