करंगळीतली अंगठी

बार्शीच्या जिज्ञासा वाचनालयात आता कुणी कुणाला "कादंबरी कशी आहे हो?" असं विचारत नाही. विचारलंच, तर समोरचा असा बघतो की जणू त्याला कुणी बनियनचं माप विचारलंय. २०७४ साल हे. दुसऱ्याचं मत घेऊन करायचं काय? स्वतःचं मत वाचायच्या आधीच हातात मिळतं की.

त्याला पूर्वाभिप्राय म्हणतात. पुस्तक काउंटरवर ठेवायचं, कार्ड दाखवायचं, की बोटभर लांबीची चिठ्ठी बाहेर येते. ही कादंबरी वाचून झाल्यावर तुम्ही काय म्हणाल, ते तुमच्याच शब्दांत तिच्यावर आधीच छापलेलं असतं. "पहिली साठ पानं सोस, पुढं मजा आहे." "शेवट फसलाय, वेळ घालवू नको." रहस्यकथा असो, ऐतिहासिक असो, प्रेमाची असो नाहीतर भुताखेताची, शंभरात सत्त्याण्णव वेळा अंदाज बरोबर. पूर्वी लोक दहा पुस्तकं न्यायचे, त्यातली सात शिव्या घालत परत आणायचे. आता तीनच नेतात आणि तिन्ही आवडतात. समीक्षक नावाची एक जमात होती, तीही या भानगडीत नाहीशी झाली. त्याचं दुःख कुणाला झाल्याचं ऐकिवात नाही.

दर गुरुवारी साडेदहाला या वाचनालयात प्रथमेश ढगे येतात. वय चौऱ्याहत्तर. "प्रथमेश आजोबा" म्हणताना मागच्या पिढीला हसू आलं असतं, पण दोन हजार साली जन्मलेली सगळी प्रथमेश, शुभम आणि प्रतीक्षा मंडळी आता कवळ्या लावून हिंडतायत, त्याला काय करणार. ढगे वीज कंपनीत लाइनमन होते. चाळीस वर्षं दर गुरुवारी कापडी पिशवी घेऊन यायचे, बायकोची वाचून झालेली पुस्तकं परत करायचे आणि नवी न्यायचे. स्वतः मात्र त्यांनी जन्मात मीटरशिवाय काही वाचलं नव्हतं.

वाचायच्या त्या ऋतुजाबाई. आणि लिहायच्याही, कारण या वाचनालयाची एक जुनी खोड आहे. इथं अभिप्राय वहीत स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिल्याशिवाय पुढचं पुस्तक मिळत नाही. बाकीचे "छान", "बरी आहे" असं खरडून मोकळे व्हायचे. बाईंची ओळ वाचायला लोक वही उघडायचे. ओळ घरी कागदावर लिहून पिशवीतून यायची आणि ढगे ती वहीत चिकटवायचे, तीही न वाचता. "खुनी माळी आहे. आधी शेवट वाचला, मग निवांत पुस्तक वाचलं." "लढायांची पानं गाळली. तरी किल्ला पडला." "प्रेमकथा. दोघांपैकी एकालाही नोकरी नाही."

गेल्या मार्गशीर्षात बाई गेल्या. चौदाव्या दिवशी गुरुवार होता. ढगे पिशवी घेऊन आले, एक कादंबरी उचलली आणि बायकोचं कार्ड पुढं केलं. काउंटरवरच्या ग्रंथपाल ज्ञानेश्वरीताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कार्ड लावलं; वहीतल्या ओळीचा आग्रह तेव्हाही धरला नाही, पुढंही नाही. चिठ्ठी आली. "लेखकाला स्वयंपाकातलं कळत नाही. पुरणात कुणी कांदा घालतं का?" ढग्यांनी ती उभ्या उभ्या वाचली, दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली. तेव्हापासून ते गुरुवारासाठी जगत होते, यात काही अतिशयोक्ती नाही.

नियमाप्रमाणे गेलेल्या वाचकाचा ठसा, म्हणजे ज्यावरून चिठ्ठी निघते ती यंत्रातली नोंद, वर्षभर चालू ठेवतात, नातेवाइकांच्या समाधानासाठी. मग तो कायमचा बंद. ढग्यांचं वर्ष पुढच्या गुरुवारी भरत होतं. आणि आज, नेमक्या या गुरुवारी, ठसे तपासायला पुण्याहून डॉ. इरावती तांबट आल्या होत्या.

"ढगेकाका, जरा बसता का?" ज्ञानेश्वरीताईंनी खुर्ची ओढली. "या मॅडमना तुमच्याशी बोलायचंय."

ढग्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "वर्ष भरायला अजून आठ दिवस हायेत, मॅडम. मी मोजलेत."

"त्यासाठी नाही, काका." डॉ. तांबट पस्तिशीच्या, चष्मेवाल्या, आवाजानं मऊ. "ठसा म्हणजे काय, हे कुणी सांगितलंय तुम्हाला?"

"यंत्र हाय कायतरी. आमच्या हिला ओळखतं."

"कसं ओळखतं ते सांगते. वाचताना बोटात अंगठी घालतो ना आपण? ती नाडी बघते. कुठल्या ओळीला काळीज धडधडलं, कुठं श्वास अडकला, कुठं नुसताच कंटाळा आला. अशी दोन-तीनशे पुस्तकं झाली की त्या माणसाच्या मनाचा एक नकाशा तयार होतो. तो ठसा. आणि बाईंच्या चाळीस वर्षांच्या वहीतल्या ओळींवरून यंत्र त्यांची बोलायची ढब शिकलं. मनाचा नकाशा आणि ढब, या दोन्हींतून चिठ्ठी निघते."

"बरोबर. तिचीच ढब असते."

"काका, माणूस गेला की त्याचा ठसा थांबायला पाहिजे. नवीन काही वाचलं जात नाही, तर नकाशा बदलणार कसा? पण ऋतुजाबाईंचा ठसा गेले अकरा महिने बदलतोय. रोज, थोडा थोडा."

ढगे खाली बघत बसले. त्यांचा डावा हात पिशवीखाली होता. ज्ञानेश्वरीताईंनी हलकेच म्हटलं, "काका, हात दाखवा त्यांना."

त्यांनी हात बाहेर काढला. लाइनमनचा जाडजूड पंजा, आणि करंगळीत, दुसऱ्या पेरापाशी रुतून बसलेली, बायकोची अंगठी.

"दुसऱ्या कुठल्या बोटात जाईना," ते ओशाळून म्हणाले. "ज्ञानेश्वरीताई त्या वेळी कुणाला तरी सांगत होत्या, की अंगठी पडून राहिली तर ठसा मंद होत जातो. मला भ्याव वाटलं. म्हटलं आपण घालून वाचावं. तेवढंच तिला चालू ठेवल्यासारखं. पहिल्यांदा दिवसाला दोन पानं व्हायची. झोप यायची ओ. मग जमायला लागलं. इथनं नेलेलं सगळं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचलंय मी, मॅडम, एक पान सोडलं नाही. तार ओढायची म्हणजे मधला खांब गाळून चालत नसतंय."

डॉ. तांबटांना हसू आलं आणि लगेच त्या गंभीर झाल्या. हे सांगायला त्यांच्या जिवावर आलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. अंगठी बोट ओळखत नाही. माणसाची नाडी वयानं बदलते, आजारपणानं बदलते, म्हणून अंगठीला सवयच अशी लावलेली असते, की हळूहळू होणारा बदल मान्य करायचा. एकदम कुणी परका आला तर ती अडते. ढगे मात्र दिवसाला दोन पानं, मग चार, मग दहा, असे चोरपावलांनी शिरले होते.

"काका, साधारण सातव्या महिन्यापासून त्या नकाशात बाईंचं काही उरलेलं नाही. या चिठ्ठ्यांमधली जीभ त्यांची आहे. काळीज तुमचं आहे."

ढग्यांनी ज्ञानेश्वरीताईंकडे पाहिलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"चैत्रात कळलं मला," ताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "त्या रहस्यकथेची चिठ्ठी आठवते? 'खुनी कोण ते शेवटपर्यंत कळू दिलं नाही, अंगावर काटा आला.' काका, ऋतुजाताईंना खुनी शेवटी कळला, असं कधी झालंय का? त्या आधी शेवट वाचायच्या. मी वही उघडून खात्री केली. पण तुम्ही ती चिठ्ठी खिशात घातली आणि इतके हसलात, की माझ्यानं सांगवेना. चुकलं माझं."

"चुकलं कसलं," ढगे पुटपुटले. मग बराच वेळ करंगळी चोळत राहिले. "म्हणजे अकरा महिने मी माझ्याशीच बोलतोय म्हणायचं."

"एक करता येईल," डॉ. तांबट म्हणाल्या. "यंत्र दर महिन्याला ठशाची प्रत ठेवतं. बाई गेल्या त्या महिन्याची, तुम्ही अंगठी घालायच्या आधीची प्रत आहे. ती लावली, तर आज तुम्हाला एक चिठ्ठी देता येईल. शुद्ध त्यांची. मग मात्र ती बंद करावी लागेल, तसा नियम आहे. कुठल्या पुस्तकाची हवी, ते तुम्ही सांगा."

ढग्यांना विचार करावा लागला नाही. त्यांनी पिशवीतून 'गच्चीवरचे दोघे' काढलं. साठी ओलांडलेल्या नवरा-बायकोची कादंबरी. नवरा बायकोला न सांगता तिच्या मनातलं सगळं ओळखतो, तिच्या आधी उठून चहा करतो, तिच्या उशाशी बसून पुस्तक वाचून दाखवतो. ती कादंबरी ढग्यांनी तीनदा नेली होती. तिच्या चिठ्ठीची घडी पाकिटात झिजून गेली होती. ती त्यांनी टेबलावर उलगडून ठेवली. "नवरा असावा तर असा. शेवटच्या पानाला डोळे भरून आले. आमच्या ढग्यांचीच आठवण झाली."

"हिच्यावर मी वर्ष काढलंय," ते म्हणाले. "हे तिचं हाय का माझं, तेवढं कळू दे."

"काका, नक्की ना?" ज्ञानेश्वरीताईंनी विचारलं. "नाही बघितलं तरी चालतं."

"चाळीस वर्षं तिची ओळ मी चिकटवली, पण वाचून बघितली नाही, ताई. आता एकदा बघतो."

डॉ. तांबटांनी जुनी प्रत लावली. यंत्र नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबलं. चिठ्ठी बाहेर आली, तीही नेहमीपेक्षा लांब. ढग्यांनी चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, बहुधा धीर यावा म्हणून.

"चाळिसाव्या पानावर सोडलं. न सांगता सगळं कळणारा नवरा कुठं मिळतो, ते लेखकानं पत्त्यासकट कळवावं. मी काय वाचते, हे आमच्या ढग्यांनी कधी विचारलं नाही. पिशवी मात्र एका गुरुवारी चुकवली नाही. त्यावर कुणी कादंबरी लिहिली तर पुरी वाचेन."

ढग्यांचा आवाज "चुकवली नाही" पाशी गेला होता. शेवटची ओळ त्यांनी ओठांतच वाचली. ज्ञानेश्वरीताईंनी पाण्याचा ग्लास सरकवला, तो त्यांनी तसाच ठेवला. मग ते रडले. लपवलं नाही त्यांनी. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस वाचनालयाच्या खुर्चीत बसून, मांडीवर पिशवी घेऊन, सरळ रडला.

"हीच ती," थोड्या वेळानं ते म्हणाले. "ती दुसरी फार गोड बोलायची. मला वाटायचं, मेल्यावर माणूस निवळत असंल."

डॉ. तांबटांनी प्रत बंद केली. एक कळ दाबायचं काम, पण त्यांचा हात दोनदा मागे आला. मग पडद्याकडे बघत त्या सावकाश म्हणाल्या, "काका, मी सकाळी या वाचनालयाची यादी काढली. वाचक हयात नाही आणि ठसा बदलतोय, अशी एकतीस नावं आहेत. तुमचं एकच सापडेल असं वाटलं होतं."

वाचनकक्षाचं दार उघडंच होतं. आत पंधरा-वीस माणसं खाली मान घालून वाचत बसली होती. एक बाई चिठ्ठी हातात धरून स्वतःशीच हसत होती. तिच्या अंगठ्याला सैल होणारी एक पुरुषी अंगठी दोऱ्यानं गुंडाळून घट्ट केलेली होती. ढगे तिच्याकडे बघत राहिले. रोजची ओळखीची बाई, पण तिचा हात त्यांनी आज पहिल्यांदा पाहिला.

"यांना सांगणार तुम्ही?"

"सांगायलाच पाहिजे ना?" डॉ. तांबट म्हणाल्या. शास्त्रज्ञ बाई, पण हे त्यांनी ढग्यांनाच विचारलं.

ढगे उठले, साबण मागून घेतला आणि मागच्या नळावर जाऊन करंगळी मोकळी करून आले. बोटावर पांढरं वळं उमटलं होतं. अंगठी त्यांनी काउंटरवर ठेवली.

"बदललेला ठसा तुमच्या नावावर करून देता येतो, काका," डॉ. तांबट म्हणाल्या. "तो तुमचाच आहे आता. चिठ्ठ्या येत राहतील. अगदी त्याच आवाजात."

"नको," ढगे म्हणाले. "तिच्या तोंडून स्वतःचं कौतुक आता ऐकवणार नाही मला."

त्यांनी अभिप्राय वही पुढं ओढली. पेन धरताना अंगठी गेलेली करंगळी अवघडल्यासारखी बाजूला उभी राहत होती. बऱ्याच वेळानं एक ओळ झाली, तिच्याखाली त्यांनी स्वतःचं नाव घातलं, आणि पिशवी उचलून, कुठलंही पुस्तक न घेता, ते पायऱ्या उतरून गेले.

ज्ञानेश्वरीताईंनी वही आपल्याकडे फिरवली. चाळीस वर्षांत ढग्यांचं अक्षर त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

"गच्चीवरचे दोघे. पुरी वाचली, तीन वेळा. कशी आहे, ते तिला विचारायचं राहिलं."